हॉल ऑफ फेमच्या मतदारांनो, कारणे लिहून ठेवा

पोकर हॉल ऑफ फेमच्या सर्व हयात सदस्यांस,

सविनय नमस्कार.

दरवर्षी उन्हाळ्यात लास व्हेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही स्पर्धामालिका रंगते. त्या सुमारास हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे पोकरमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेण्यासाठी आपल्यापुढे दहा नावे येतात आणि बहुतेक वर्षी आपण त्यातून एकच नाव निवडता. नाव जाहीर होते, टाळ्या पडतात, फोटो निघतात. त्याच व्यक्तीला का निवडले, हे मात्र कुठेच लिहिले जात नाही. मी हे पत्र त्या न लिहिलेल्या कारणांसाठी लिहितो आहे. आपल्यापैकी काहींची नावे त्यात येतील. ती आदरानेच घेतलेली आहेत.

नामांकित पोकरपटूंबद्दल दोन मते सतत कानावर येतात. एक म्हणते, हा सगळा नशिबाचा खेळ, ज्याला पत्ते चांगले आले तो मोठा झाला. दुसरे म्हणते, ही माणसे समोरच्याच्या मनातले वाचतात, त्यांच्यासारखे कुणी नाही. भांडण वर्षानुवर्षे चालू आहे आणि दोन्ही बाजू एकच पुरावा पुढे करतात: अमक्याने इतके कोटी डॉलर जिंकले. हा पुरावाच कच्चा आहे. माझे म्हणणे असे की यातल्या बहुतेकांची कीर्ती रास्त आहे, पण लोकांना तिचे जे कारण सांगितले जाते ते चुकीचे आहे. खरे कारण जाणणारी माणसे थोडी असतात आणि त्यातली बरीचशी या पत्राच्या मायन्यात आहेत.

आधी पैशाचे पाहू. स्पर्धांतल्या कमाईच्या याद्यांत बक्षिसाची पूर्ण रक्कम मोजतात, भरलेला बाय-इन, म्हणजे प्रवेश-रक्कम, वजा करत नाहीत. आपल्यातलेच डॅनियल नेग्रानू यांनी २०१७ सालचा आपला हिशेब स्वतःहून जाहीर केला होता. त्या वर्षी त्यांना सुमारे २८ लाख डॉलरची बक्षिसे मिळाली आणि सगळे बाय-इन वजा जाता ८६ हजार डॉलरचा तोटा झाला. यादीत ते वर्ष आजही २८ लाखांची कमाई म्हणून उभे आहे. नेग्रानूंनी हे सांगितले, म्हणून मला ते अधिक मोठे वाटतात. असा हिशेब उघड करणारे या धंद्यात फार थोडे.

२०१९ मध्ये लंडनला झालेल्या ट्रायटन मिलियन स्पर्धेचा बाय-इन दहा लाख पौंडांहून जास्त होता. शेवटी दोघे उरले तेव्हा त्यांनी चिप्सच्या प्रमाणात पैसे वाटून घेतले. त्यामुळे विजेते आरन झँग यांना सुमारे १ कोटी ३८ लाख पौंड मिळाले आणि दुसरे आलेले ब्रिन केनी यांना सुमारे १ कोटी ६९ लाख. त्या एका रकमेने केनी जगाच्या कमाई-यादीत सर्वांच्या वर गेले. ते उत्तम खेळाडू आहेत, पण ती जागा त्यांना ज्या स्पर्धेने दिली ती त्यांनी जिंकलेली नव्हती. शिवाय मोठ्या स्पर्धांत अनेक जण आपले हिस्से विकून उतरतात, मित्रांशी टक्केवारीची अदलाबदल करतात. कागदावरच्या दहा लाखांतले खिशात किती गेले, हे यादी सांगू शकत नाही.

मग नशीब किती आणि कसब किती? हे मोजता येते, फक्त मोजायला लागणारा धीर फार मोठा आहे. नो-लिमिट होल्डेम हा पोकरचा पैजेला वरची मर्यादा नसलेला प्रकार. त्याच्या कॅश गेममध्ये, म्हणजे स्पर्धेबाहेर थेट पैशांवर चालणाऱ्या खेळात, दर शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम) जिंकणारा खेळाडू घ्या. हा चांगला वेग आहे, अशा खेळाडूचे घर पोकरवर चालते. पण त्याच शंभर डावांतला चढ-उतार, म्हणजे प्रमाण विचलन, शंभर बिग ब्लाइंडच्या घरात असू शकतो. हिशेब केला तर दहा हजार डावांनंतरही हा खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता दहात तीन निघते. कॅसिनोतल्या टेबलावर तासाला तीसेक डाव होतात, म्हणजे दहा हजार डावांना सव्वातीनशेहून जास्त तास बसावे लागते. इतके तास बसून, नीट खेळून, तोटा, आणि दोष कुणाचाच नाही. एक लाख डाव झाले की ही शक्यता सहा टक्क्यांपर्यंत खाली येते. तेवढ्याला पूर्णवेळ खेळणाऱ्याची दीड-दोन वर्षे जातात. कसब नाकारणाऱ्याने ही दुसरी संख्या पाहावी आणि एका रात्रीच्या विजयाने दिपून जाणाऱ्याने पहिली.

स्पर्धांमध्ये हा धीर आणखी लांबतो. वर्ल्ड सिरीजच्या २०२३ च्या मुख्य स्पर्धेत १०,०४३ प्रवेश झाले. एखादा खेळाडू सरासरीच्या पाचपट सरस आहे असे मानले आणि तो सलग चाळीस वर्षे एवढ्याच गर्दीत उतरला, तरी एकदा तरी जिंकण्याची त्याची शक्यता दोन टक्के भरते. म्हणजे आजच्या काळात मुख्य स्पर्धा न जिंकणे हा कुणाच्याही कसबावरचा डाग नाही. आणि ती एकदा जिंकणे हे कसबाचे प्रमाणपत्रही नाही. डॉयल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ साली ती लागोपाठ जिंकली तेव्हा टेबलावर अनुक्रमे २२ आणि ३४ जण होते. स्टू उंगर यांच्या १९८० आणि १९८१ च्या विजयांत सत्तरच्या थोडे वर. त्या काळची ती सर्वांत कठीण माणसे होती हे खरे, पण तो आकडा आणि आजचा आकडा एकाच तक्त्यात मांडणे अन्यायाचे आहे, जुन्यांवरही आणि नव्यांवरही.

विरळा पराक्रम दिसला की आपण सगळेच हुरळतो. मार्क न्यूहाउस २०१३ साली मुख्य स्पर्धेत नववे आले, २०१४ सालीही नववे. दोन्ही वर्षी सहा हजारांहून जास्त खेळाडू होते. शेवटच्या नऊ जणांचे अंतिम टेबल लागोपाठ दोनदा गाठणे पाच लाखांत एकदा घडणारे आहे असे तेव्हा ऐकू येई, आणि एका ठराविक माणसापुरते ते गणित बरोबरच आहे. पण प्रश्न वेगळा विचारला पाहिजे: पहिल्या वर्षीच्या नऊंपैकी कुणीतरी एक पुढच्या वर्षीही तिथे पोहोचेल याची शक्यता किती? निव्वळ नशिबावर सोडले तरी ती एक टक्क्याच्या वर आहे. स्पर्धा वर्षानुवर्षे भरते, तेव्हा असे कधी ना कधी होणारच. न्यूहाउस यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. इतकेच की जे झाले ते पाहिल्यावर मोजलेली दुर्मिळता फसवी असते.

याच्या शेजारी मायकेल मिझराची यांना ठेवा. ५० हजार डॉलर बाय-इनची पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिप त्यांनी २०१०, २०१२, २०१८ आणि २०२५ अशी चार वेळा जिंकली. ही स्पर्धा अनेक प्रकारच्या पोकरची असते, दरवर्षी शंभराच्या आसपास माणसे उतरतात आणि त्यात हौशी फार थोडे. तिथे सगळे सारख्याच ताकदीचे आहेत असे धरले, तर दरवर्षी नेमाने खेळणाऱ्या एकाला आतापर्यंत चार विजय मिळण्याची शक्यता लाखात चार-पाच येते. असे नेमाने येणारे शंभर जण मानून त्यातल्या कुणाही एकाची शक्यता काढली, तरी ती अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. इथे नशिबाचे स्पष्टीकरण पुरत नाही. त्याच २०२५ च्या उन्हाळ्यात ते मुख्य स्पर्धाही जिंकले आणि आपण त्यांना लगेच हॉलमध्ये घेतले. निर्णय अगदी योग्य होता. पण जगाने काय पाहिले? मुख्य स्पर्धा जिंकली म्हणून मान मिळाला, एवढेच. खरे तर दहा हजारांच्या गर्दीतल्या त्या विजयापेक्षा शंभरांच्या टेबलांवरचे चार विजय किती तरी जास्त बोलतात. आपल्यातल्या प्रत्येकाला हे माहीत होते. मग ते लिहिले का नाही?

२०१९ साली आपल्या संस्थेने दोघांना घेतले: ख्रिस मनीमेकर आणि डेव्हिड ओपनहाइम. माझ्या मते हॉलची सगळी अडचण या एका जोडीत दिसते. मनीमेकर यांना पोकर न खेळणारेही ओळखतात. ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून आलेला एक हिशेबनीस २००३ च्या मुख्य स्पर्धेत ८३९ जणांत पहिला येतो आणि २५ लाख डॉलर नेतो. पुढच्या वर्षी २,५७६ जण आले, मग ५,६१९, मग २००६ मध्ये ८,७७३. अंतिम लढतीत सॅम फार्हा यांच्याविरुद्ध त्यांनी मारलेला ब्लफ धाडसी होता आणि चांगला होता. पण त्यांचे खरे कर्तृत्व त्या वाढत गेलेल्या आकड्यांत आहे. त्यांनी खेळाला माणसे आणून दिली. ओपनहाइम यांचे नाव बाहेर फारसे कुणी ऐकलेले नव्हते. ते वर्षानुवर्षे सर्वांत मोठ्या कॅश गेम्समध्ये, मिश्र खेळांच्या टेबलांवर, जगातल्या सर्वांत कठीण माणसांसमोर बसले. दोघेही पात्र. एक खेळ वाढवल्याबद्दल, एक खेळ खेळल्याबद्दल. हॉलमध्ये दोघांची नावे सारख्याच मानाने आहेत आणि निवडीच्या कारणाची एक ओळही नाही. नवखा माणूस त्यावरून काय समजेल? तो मनीमेकर यांना जगातला थोर खेळाडू समजेल आणि ओपनहाइम यांना कुणीतरी वशिल्याने आलेला. दोघांवरही अन्याय.

आपले लेखी निकष याहून पुष्कळ शहाणे आहेत. मान्यवर प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेले असावे, मोठ्या रकमांवर खेळलेले असावे, सातत्याने चांगले खेळून बरोबरीच्यांचा आदर मिळवलेला असावा, काळाच्या कसोटीला उतरलेले असावे, आणि किमान वय चाळीस. यात ब्रेसलेटचा, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या स्पर्धेतल्या विजेत्याला मिळणाऱ्या मानचिन्हाचा, उल्लेख नाही, कमाईचा नाही, टीव्हीचा नाही. ज्यांनी हे निकष लिहिले त्यांना खेळ कळत होता. पण निकष कागदावर आणि निवडीची कारणे मनात राहिली, तर मधली जागा लोक स्वतःच भरतात, आणि ती टीव्हीवर पाहिलेल्या गोष्टींनी भरतात.

टीव्हीने या खेळाचे भले केले, हे मी मनापासून मानतो. आपले दिवंगत सदस्य हेन्री ओरेन्स्टाइन यांच्या कॅमेऱ्याने झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवले नसते, तर हा खेळ पाहण्याजोगा झालाच नसता. पण तासन्‌तासांच्या खेळातून जे मोजके डाव निवडले जातात ते नाट्यमय असतात. एक्के विरुद्ध राजे, सगळ्या चिप्स मध्ये, शेवटच्या पत्त्यावर श्वास रोखलेला. त्या डावात कुणाचे काही कसब नसते. कुणीही तसेच खेळला असता, आणि एक्के पाचात चार वेळा जिंकतात. खरे कसब कंटाळवाण्या जागी असते: बरा हात वेळीच टाकून देण्यात, शंभर डॉलर मिळणार होते तिथे एकशेवीस काढण्यात, दहाव्या तासालाही पहिल्या तासासारखा विचार करण्यात. हे चित्रित होत नाही. म्हणून जो जास्त बोलतो, चिडतो, टोपी-गॉगल घालतो तो मोठा ठरतो आणि गप्प बसून जिंकणारा कुणाच्या लक्षात राहत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस या पोकर खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमची कसोटी झाली. दोघांतल्या नो-लिमिट होल्डेममध्ये त्याच्यासमोर तगडी माणसे हवी होती. संशोधकांनी टीव्हीवरचे चेहरे बोलावले नाहीत. त्यांनी डाँग किम, जेसन लेस, जिमी चाऊ आणि डॅनियल मॅकऑले यांना बोलावले, या प्रकारात मुरलेले आणि बाहेर फारसे ठाऊक नसलेले. वीस दिवस, १ लाख २० हजार डाव. नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून एका खेळाडूला जे पत्ते आले तेच दुसऱ्या खोलीत संगणकाला दिले जात. चौघेही हरले. पण ज्यांना खरी ताकद मोजायची होती त्यांनी प्रसिद्धीकडे पाहिले नाही, ही गोष्ट मला विसरता येत नाही. २०२०-२१ मध्ये डग पोल्क आणि नेग्रानू यांच्यात २५ हजार डावांची लढत झाली, २०० आणि ४०० डॉलरच्या ब्लाइंडवर. पोल्क सुमारे १२ लाख डॉलरने जिंकले. दोघांतला खेळ हा पोल्क यांचा हातखंडा प्रकार. त्या मैदानात नेग्रानू स्वतःहून उतरले आणि शेवटच्या डावापर्यंत थांबले. त्या निकालावरून नेग्रानू यांची कीर्ती पोकळ म्हणणारे चुकतात, कारण त्यांची कीर्ती त्या प्रकारासाठी कधी नव्हतीच. तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यांनी तीच ५० हजारांची मिश्र खेळांची स्पर्धा जिंकून दाखवली.

कीर्ती कशाची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. फिल हेल्म्यूथ यांच्याबद्दल सर्वांत जास्त वाद होतो. १९८९ साली, २४ व्या वर्षी, जॉनी चॅन यांचा सलग तिसरा विजय अडवून ते मुख्य स्पर्धेचे विजेते झाले. सतरावे ब्रेसलेट २०२३ मध्ये मिळाले. मधली चौतीस वर्षे, बदललेले डावपेच, कितीतरी पट वाढलेली गर्दी. त्यांना नुसते होल्डेम येते असे म्हणणाऱ्यांना २०१२ मध्ये रॅझ या वेगळ्या पोकर-प्रकारातल्या ब्रेसलेटने उत्तर मिळाले. सर्वांत मोठ्या कॅश गेम्समध्ये त्यांचा तसा दबदबा नाही, हेही खरे. मग ते थोर की नाहीत? स्पर्धांचे खेळाडू म्हणून निःसंशय थोर. सगळ्या प्रकारांतले आणि सगळ्या टेबलांवरचे सर्वश्रेष्ठ, असा दावा केला तर नाही. दोन वाक्यांत मिटणारा हा वाद इतकी वर्षे चालतो, कारण हॉलने ती दोन वाक्ये लिहिली नाहीत. फिल आयव्ही यांची बाजू उलट आहे. त्यांच्या अकरा ब्रेसलेटांत नो-लिमिट होल्डेमचे एकही नाही, आणि तरी बरोबरीचे खेळाडू वर्षानुवर्षे त्यांचेच नाव पहिले घेतात. २०१७ मध्ये त्यांना घेतले, त्याच वर्षी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅकरा या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळाच्या एका प्रकारातल्या त्यांच्या पत्त्यांच्या कडा ओळखण्याच्या युक्तीला फसवणूक ठरवले. माझ्या मते त्याने त्यांच्या पोकरला बाधा येत नाही. पण आपले मत काय, हे आपण सांगायला हवे होते.

हे न लिहिण्याची सवय संस्थेच्या जन्मापासूनची आहे. १९७९ साली बेनी बिनियन यांनी हॉल सुरू केला तेव्हाच्या पहिल्या सात नावांत एडमंड हॉइल होते. ते १७६९ मध्ये वारले, पोकर जन्माला येण्याआधी. वाइल्ड बिल हिकॉक होते. १८७६ मध्ये डेडवुडला पत्ते खेळताना त्यांना पाठीमागून गोळी घातली गेली, आणि त्यांच्या खेळाबद्दल लोकांना आठवतात ते मरताना हातात होते असे सांगितले जाणारे एक्के आणि अठ्ठे. त्याच सात जणांतल्या जॉनी मॉस आणि निक दांडोलोस या खेळाडूंची महिनोन्‌महिने चालली म्हणतात ती झुंज तर आजही सांगितली जाते. ती १९४९ मधली की १९५१ मधली, यावरही एकमत नाही. मॉस जबरदस्त होते, हे त्यांच्यासमोर बसलेल्यांनी सांगितले आहे. त्यांना या दंतकथेची गरज नव्हती. पण लिहिलेली साक्ष नसली की दंतकथाच उरते.

कुणी म्हणेल, एवढे काय त्यात, खेळच तर आहे. नाही. या नावांवर माणसे पैसे ठेवतात. फुल टिल्ट पोकर ही साइट नामांकित खेळाडूंच्या चेहऱ्यांवर उभी राहिली. विजेते शिकवतील, विजेत्यांशी खेळता येईल, हेच तिचे आकर्षण. १५ एप्रिल २०११ च्या अमेरिकी सरकारच्या कारवाईनंतर ती कोसळली तेव्हा कळले की खेळाडूंच्या खात्यांवर दिसणारे पैसे वेगळे ठेवलेलेच नव्हते. जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे निघाले. संचालक मंडळावर हॉवर्ड लेडरर आणि ख्रिस फर्ग्युसन होते. त्यांच्यावरचे दिवाणी दावे तडजोडीने मिटले आणि दोघांनी दोष मान्य केला नाही. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे परत मिळू लागायला २०१४ साल उजाडले. ज्यांचे पैसे अडकले त्यांनी कुठलाही ताळेबंद पाहिला नव्हता. त्यांनी ब्रेसलेट पाहिले होते. पत्त्यांत मिळवलेली कीर्ती तिथे सचोटीची हमी म्हणून वापरली गेली. आज तीच कीर्ती शिकवण्या आणि नव्या साइट्स विकायला वापरली जाते. म्हणून ती कशाची आहे आणि कशाची नाही, हे स्पष्ट असणे गरजेचे आहे.

माझी पहिली विनंती: यापुढे प्रत्येक नव्या सदस्यासाठी एक पान लिहावे आणि ते सर्वांना वाचता यावे. ही व्यक्ती कोणासमोर बसली, किती वर्षे, कोणते खेळ, कोणत्या पातळीच्या रकमांवर. हरल्यावर देणी चुकती केली का. तिच्याकडून आपण काय शिकलात. खाली लिहिणाऱ्याची सही असावी. खासगी टेबलांवरचे जिंकल्या-हरल्याचे आकडे कुणी मागत नाही. कोण बसले की टेबलावरचे बाकीचे सावध होत, एवढे सांगितले तरी ते कुठल्याही कमाई-यादीपेक्षा मोलाचे आहे.

दुसरी: खेळ वाढवणाऱ्यांसाठी वेगळी जागा करावी. बहुतेक वर्षी एकच नाव घ्यायचे आणि त्या एका जागेसाठी खेळाडू, आयोजक, साइट चालवणारे आणि कॅमेरा शोधणारे यांना एकमेकांविरुद्ध उभे करायचे, यात कुणाचीच नीट पारख होत नाही.

आणि जी नावे आधीच हॉलमध्ये आहेत त्यांची पाने मागे जाऊन लिहावीत. याला घाई आहे. चिप रीस यांच्याकडे तीन ब्रेसलेट होती. आकड्यांत ते आजच्या कितीतरी खेळाडूंच्या खाली दिसतात. त्यांच्याबरोबर बसलेले मात्र सांगतात की सर्व प्रकारांत मिळून त्यांच्याइतका पक्का खेळाडू त्यांनी पाहिला नाही. २००६ साली ५० हजारांची ती मिश्र स्पर्धा पहिल्यांदा भरली आणि रीस यांनीच ती जिंकली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००७ मध्ये, ते गेले. डॉयल ब्रन्सन मे २०२३ मध्ये गेले. त्या टेबलांची निम्मी आठवण त्यांच्याबरोबर गेली. उरलेली आपल्यापाशी आहे. बॉबी बाल्डविन, बॅरी ग्रीनस्टीन, जेनिफर हार्मन यांनी रीस यांच्यासमोर किती रात्री काढल्या असतील! पहिले पान रीस यांचेच असावे आणि आपणा तिघांपैकी कुणीतरी ते पुढच्या मतदानाआधी लिहून द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
पोकरचा एक अभ्यासक आणि खेळाडू